चूल वेगळी, विहीर एकच

"मी कंटेनर सांभाळतो," असं अप्पाकाकांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. रायगडात कंटेनर म्हणजे न्हावा-शेवा. १९८९ साली ते बंदर सुरू झाल्यापासून या शब्दाला आमच्याकडे वजन आहे.

"क्रेनवर हायस का ट्रेलरवर?"

"खुर्चीवर," मी म्हणालो.

नंतर आठ दिवस मी गावी, वरंधच्या घरी, पडवीत बसून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवताना त्यांनी पाहिलं. पेटी एकही दिसली नाही. शेवटी एका संध्याकाळी ते समोर येऊन बसले आणि मला उदाहरण शोधावं लागलं. लांब जावं लागलं नाही. पाठ टेकली होती तो कूडच कामाला आला.

आमचं घर आजोबांनी बांधलं. पुढे वाटण्या झाल्या आणि मधे कूड उभे राहिले. आता दारं तीन, चुली तीन, पण आढं एक आणि विहीरही एक. प्रत्येक भागात एक कर्ता पुरुष आहे आणि घरात आपल्याच शब्दाला मान आहे, अशी त्याची समजूत आहे. लिनक्सचा कंटेनर हे असलंच प्रकरण. तिथल्या कुडाला नेमस्पेस म्हणतात. आतल्या प्रोग्रामला वाटतं आपण क्रमांक १, आपल्या आधी कुणी नाही. बाहेर मूळ मशीनवर बघावं तर त्याच स्वारीचा नंबर चार हजार आठशे बारा. विहीर म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, ती सगळ्यांची एकच. व्हर्च्युअल मशीनवाले महाडला प्लॉट घेऊन, स्वतःची बोअर मारून राहतात. ते सुरक्षित खरं, पण खर्चिक.

पहिला कूड १९७९ सालच्या युनिक्समध्ये 'सीएचरूट' नावानं पडला होता. पाण्याची वाटणी मात्र उशिरा आली. कुणी किती मेमरी, किती प्रोसेसर वापरायचा हे ठरवणारी यंत्रणा गूगलमधल्या इंजिनियरांनी २००६ मध्ये लिहायला घेतली. तिचं आधीचं नाव 'प्रोसेस कंटेनर'. पण कंटेनर शब्दाचे अर्थ फार, लोकांचा गोंधळ उडायला लागला, म्हणून 'कंट्रोल ग्रुप' असं बारसं पुन्हा केलं. म्हणजे अप्पाकाका एकटे नव्हते. २००८ च्या जानेवारीत ती कर्नलमध्ये आली. आमच्या मोठ्या काकूंनी पंपाच्या वेळा त्याच्या कितीतरी आधी भिंतीवर कोळशानं लिहून ठेवल्या होत्या.

नावांची गंमत वेगळीच. कंटेनरला तुम्ही नाव दिलं नाहीत तर तो चालवणारा प्रोग्राम, डॉकर, स्वतःच ठेवतो: एक विशेषण आणि एक शास्त्रज्ञ किंवा तंत्रज्ञ. त्यामुळे कधी 'रागावलेले भाभा' चालू असतात, तर कधी 'झोपाळू रामानुजन'. फक्त 'कंटाळवाणे वोझनियाक' हे नाव निघणार नाही अशी तजवीज कोडमध्येच आहे. स्टीव्ह वोझनियाक कंटाळवाणे नाहीत, असं तिथं लिहूनही ठेवलंय.

ही सगळी मंडळी मी शेल स्क्रिप्टनं हाकतो. स्क्रिप्ट म्हणजे रोज द्यायचे हुकूम एका चिठ्ठीवर ओळीनं लिहिलेले. वरंधला ती लागतेच. भोरकडे जाणारा आमचा घाट पावसाळ्यात अवजड वाहनांना बंद करतात, तसा बोर्ड लागतो. नेटवर्क बोर्ड न लावता बंद होतं. एकदा स्क्रिप्ट अर्ध्यावर असताना लाइन तुटली आणि बारापैकी सात कंटेनर थांबले, पाच तसेच चालू. तेव्हापासून मी दूरच्या मशीनवर आधी टीमक्स नावाचा प्रोग्राम उघडतो. इकडे टॉवर गेला तरी तिकडे चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली जाते.

पण खरा अपमान दुसराच. माझा एक कंटेनर थांबायला नेमके दहा सेकंद घ्यायचा. थांबवताना डॉकर आधी निरोप पाठवतो: आवरून घ्या. दहा सेकंद वाट बघतो, मग थेट उचलबांगडी, आणि नोंद होते १३७. म्हणजे १२८ अधिक नऊ, नऊ हा ठार मारण्याच्या सिग्नलचा नंबर. प्रोग्राम खरं तर गुणी होता, निरोप मिळता तर अर्ध्या सेकंदात आवरता. महिन्याभरानं कळलं, निरोप पोचतच नव्हता. सुरुवातीची झाडलोट करायला मी एक स्क्रिप्ट दाराशी ठेवली होती. तीच क्रमांक १ होऊन बसली. निरोप तिच्याकडे यायचा आणि तिथंच राहायचा. पूर्वी गावात एकच फोन दुकानात होता, मुंबईहून कुणाचा फोन आला की दुकानदार "सांगतो हां" म्हणायचा, तसंच.

उपाय एका शब्दाचा निघाला. शेवटच्या ओळीआधी 'एक्झेक' लिहायचं. मग स्क्रिप्ट उठते, आपल्या जागी प्रोग्रामला बसवते आणि नाहीशी होते. नंबर तोच, माणूस दुसरा. सरपंचकीत असं कुणी आपणहून केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अप्पाकाकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. कुडापलीकडून धाकट्या काकूंच्या सुकटीचा वास येत होता; तो कुठल्याच वाटणीपत्रात मावलेला नाही.

"आन् विहिरीत मांजर पडलं तर?" त्यांनी विचारलं.

कर्नलच्या सुरक्षेवर इतका नेमका प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता.

"तर तिन्ही घरांची पंचाईत, अप्पा."

ते उठले, बॅटरी घेतली आणि पावसातच विहिरीवरची जाळी बघायला गेले. येताना पंप बंद करून आले. वेळ धाकट्या काकांची होती.