यलोस्टोनमध्ये आंघोळीचे वांधे

यलोस्टोनमध्ये गरम पाण्याला तोटा नाही. १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या मुलखात दहा हजारांहून जास्त ठिकाणी जमीन उकळते, फुसफुसते, वाफा सोडते. ओल्ड फेथफुल तर साधारण दर दीड तासानं शंभर फुटांहून उंच उडतो. आणि आम्ही पाच जण भाड्याच्या आरव्हीत कोमट पाण्याखाली कुडकुडत होतो. त्या झऱ्यांत उतरायला कायद्यानं बंदी आहे, नाहीतर सासूबाई पंचा घेऊन निघाल्याच होत्या.

आमचे साडू इंजिनिअर, म्हणजे सॉफ्टवेअरचे. त्यांनी आधी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. बाहेर प्रोपेनचा बर्नर फुरफुरत होता, ज्योत निळीशार. मग संशय बायपासच्या चावीवर. हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरतात. ते हीटरच्या टाकीत जायला नको, म्हणून टाकीला वळसा घालणारी ही चावी असते. उन्हाळ्यात ती पुन्हा फिरवायची राहिली, की नळाला गारच पाणी येतं. चावी पलंगाखाली, हीटरच्या पाठीमागे. साडू पोटावर सरपटत आत गेले. बाहेर उरले फक्त पायमोजे. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "चावी बरोबर आहे!" एवढं निराश होऊन चांगली बातमी सांगताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

शेजारच्या गाडीतले टोपीवाले आजोबा हे सगळं पाहत होते. ते काही न बोलता आमच्या गाडीच्या कुशीला गेले आणि एक छोटंसं झाकण उघडलं. आत बाहेरचा शॉवर. त्याचे गरम-गार दोन्ही नळ सताड उघडे, बंद होतं ते फक्त हँडलवरचं बटण. म्हणजे पाणी बाहेर पडत नव्हतं, पण गार पाणी तिथून गुपचूप गरम पाइपात शिरत होतं. आजोबांनी दोन्ही नळ पिळले. बेसिनमधून वाफा!

"हे उघडलं कुणी?" साडूंनी विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "बाहेरून आल्यावर पाय नकोत धुवायला? आणि बटण दाबून बंद केलं होतं हो नीट."

दोन जावयांपैकी एकाचीही पुढे बोलायची टाप नव्हती.

टाकी सहा गॅलनची, म्हणजे जेमतेम तेवीस लिटर. नंबर कुणाचा पहिला यावर साडू 'टेस्टिंग'चा मुद्दा मांडत होते, तोवर सासूबाईंनी बॅगेतून तांब्या काढला आणि बादली कुठे आहे ते विचारलं.