किल्ल्यात खोली मिळेल?

सप्टेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारला २५ किल्ल्यांवर हॉटेलं सुचली. ओरड झाली, लगेच खुलासा आला: शिवरायांशी निगडित गड वगळून हो!

वसईकर निर्धास्त. इथल्या पोर्तुगीज किल्ल्यातलं चेक-इन मुळातच कठीण. १७३९ मध्ये खुद्द मराठा सेनापती चिमाजीअप्पांना वेढा घालून फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत तिष्ठावं लागलं, शेवटी सुरुंग लावावे लागले. चेक-आउट मात्र शिस्तीत; पोर्तुगीज ठरल्या मुदतीत सामानसुमानासह निघाले.

आज किल्ल्यातल्या बहुतेक चर्चना छप्परच नाही, म्हणजे जाहिरातीत ‘ताऱ्यांखाली शयनकक्ष’. कोल्डप्लेच्या गाण्यात झळकलेल्या या भिंती प्री-वेडिंगवाल्यांनी वापरायला काढल्याच आहेत.

तसाही किल्ला राज्याकडे नाही, केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. मुक्कामाला वसई-विरारमध्ये लॉज पुष्कळ आहेत. तेव्हा पाहुण्यांनो, किल्ला पाहा आणि अंधाराआधी निघा.