छत्तीसचा आकडा

यमुनानगर, इंद्रायणीनगर, शाहूनगर, प्राधिकरण... पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही जुन्या वसाहतीत विचारा, एक तरी टूलरूमवाले काका निघतातच. व्हीआरएस घेतलेले, गुडघे कुरकुरणारे, पण नजर अजून दोन शतांश मिलिमीटरची. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर यांना घास उतरत नाही. निवृत्त झाले तरी साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच, कारण एमआयडीसीची ती आहे.

साठीनंतर या काकांना सोलर पॅनेलचा नाद लागतो. बसवायचा नव्हे, बनवायचा. तयार पॅनेल आणून गच्चीवर ठेवणं म्हणजे त्यांच्या मते हॉटेलची भाजी पातेल्यात ओतून पाहुण्यांना ‘घरचीच आहे’ म्हणून वाढणं. घरी बनवलेलं दुप्पट महाग पडतं, हे त्यांना सांगू नये. त्यांना ते ठाऊक असतं.

सेल ऑनलाइन मागवलेले. सोल्डर, फ्लक्स, डायोड तपकीर गल्लीतून. फ्रेमचं ॲल्युमिनियम कुदळवाडीच्या भंगारातलं. 2025च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली गोदामं पाडली तेव्हा काकांनी सुतक पाळलं होतं. एक सेल अर्धा व्होल्ट देतो. बारा व्होल्टची बॅटरी भरायला अठराएक हवेत, म्हणून 36 सेल एकापुढे एक जोडायचे, पहिल्याचं तोंड दुसऱ्याच्या पाठीला. ते सरळ रेषेत बसावेत म्हणून काकांनी आधी जिग बनवलं. जिगसाठी फिक्स्चर. फिक्स्चर तपासायला गेज. सेलचं खोकं तोवर दिवाळीपासून होळीपर्यंत कपाटात.

सेलची जाडी जेमतेम 200 मायक्रॉन. काकांचा छापील आकड्यावर विश्वास नाही. मायक्रोमीटर लावला, मोजतानाच सेल तडकला. जाडी मात्र बरोबर निघाली, याचं समाधान दोन दिवस पुरलं.

मग लॅमिनेशन. काच आणि सेल यांच्यामध्ये ईव्हीएचा पातळ थर असतो. मधली हवा खेचून घेत तो दीडशे अंशांच्या आसपास वितळवावा लागतो. कारखान्यात त्याला लॅमिनेटर असतो. काकांकडे काकूंची इस्त्री.

“अहो, इस्त्री कुठंय?”

“लॅमिनेशनला गेलीय.”

“आणि माझी नारायणपेठ?”

“ती वेटिंगला.”

काचेखाली बुडबुडे राहिले. पण आयुष्यभर रिजेक्शनच्या चिठ्ठ्या लिहिलेला माणूस स्वतःचा जॉब रिजेक्ट कसा करणार? ‘डेव्हिएशनवर पास’ म्हणून मार्करनं शेरा मारून सही ठोकली.

कोणी हसलं की काका पाबळचं नाव काढतात. चाकणच्या पुढे, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरमधलं मोठं पद सोडून. शाळेत न रमलेली पोरं तिथं हातानं काम करत शिकली. “त्या पोरांनी घुमटाची घरं उभी केली,” काका म्हणतात, “मी तर आयटीआय फर्स्ट क्लास!”

मला विचाराल तर नादाचं मूळ कंपनीत आहे. हा माणूस तीस वर्षं डाय बनवत होता. डायमधून दरवाजा निघायचा, दरवाजा गाडीला लागायचा, गाडी भलताच कोणी चालवायचा. पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या डागापर्यंत आपली म्हणावी अशी अख्खी वस्तू हातून एकदाही झाली नाही. असेंब्ली लाइननं हे शहर वसवलं खरं, पण वाटणीला एकेकच नट दिला.

पॅनेल कागदावर दीडशे वॉटचं. शेजारच्या टाकीची सावली एका सेलवर पडली की निम्मं आडवं होतं. मे महिन्यात ऊन रग्गड म्हणून काका खूश, तर तापलेलं सिलिकॉन उलट कमी व्होल्ट देतं. पण गुरुवारी महावितरण दुरुस्तीसाठी वीज बंद करतं आणि काकांचा दरबार भरतो. भर दुपारी बारा वाजता एक दिवा लावून ठेवलेला, आणि गल्लीतले सगळे मोबाइल चार्जिंगला. त्या दिवशी बुडबुड्यांचा विषय कोणी काढत नाही.

2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटला 78 हजारांचं अनुदान, अट एवढीच की सेल आणि पॅनेल भारतीय बनावटीचे, प्रमाणित हवेत. “आपल्या गॅलरीत बनलंय, याहून भारतीय काय असतं?” काकांनी विचारलं. सेलच्या खोक्यावरची चिनी अक्षरं मुलानं गुपचूप दाखवली.

शेवटी मुलानं तयार पॅनेलं बसवून घेतली. काम करायला चाकणची दोन पोरं आली. काकांनी स्पिरिट लेव्हल लावून स्ट्रक्चर तपासलं, प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं आवळून त्यावर पिवळा ठिपका दिला आणि संध्याकाळी त्रुटींची यादी तीन प्रतींत हातात ठेवली. हल्ली सर्व्हिसिंगला यायच्या आधी ती पोरं काकूंना फोन करतात, काका दुपारी किती ते किती झोपतात ते विचारायला.