गोठा गेला, शिंका आल्या

“पोराला चार दिवस गावी पाठव, हवा बदलली की दमा पळेल.” मुंबईत राहणाऱ्या महाड-पोलादपूरच्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्याच्या मनात माया असते, पण सल्ला धोक्याचा आहे.

गणपतीत काय होतं बघा. वर्षभर कुलूप असलेलं घर आदल्या दिवशी उघडतं. इथला पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर. भिंतीला बुरशी धरलेली, पेटाऱ्यातल्या गाद्या-गोधड्यांना कुबट वास. पोरं त्यावरच झोपतात आणि मध्यरात्री एखाद्याची छाती वाजायला लागते. घरचे म्हणतात, पाणी बाधलं. पाण्याला उगाच बोल कशाला? बाधते ती बुरशी, आणि दमट गादीत माजलेले, डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे. त्यात बाहेर गवतही याच सुमारास फुलोऱ्यावर येतं.

मग गावाचा गुण खोटा का? अजिबात नाही. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे शेतीवर जगणारे दोन समाज आहेत, दोघांचे पूर्वज युरोपातले. आमिशांची लहान मुलं घराजवळच्या गोठ्यात वावरतात. हटराइटांची शेती यंत्रांवर, गुरं वस्तीपासून लांब. २०१६ साली त्यांच्या मुलांच्या तुलनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दम्याचं प्रमाण आमिश मुलांत सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत सुमारे २१. गोठ्यातल्या धुळीतले जंतू लहानपणीच शरीराला शिकवतात, कशाशी भांडायचं आणि कशाकडे काणाडोळा करायचा. हे शिक्षण आईच्या पोटापासून पहिल्या काही वर्षांतलं. दहाव्या वर्षी चार दिवस गावी जाऊन ते मिळत नाही.

आणि आता गावातल्या पोराला तरी ते कुठे मिळतंय? पडवीला लागून गोठा, शेणाने सारवलेली जमीन, ही आपल्या आजीची घरं. आज पोलादपूरच्या वाड्यांतही लादी बसली, बैलांच्या जागी पॉवर टिलर आला, दूध पिशवीतून येतं. गोठा गेला, मात्र चुलीचा धूर अनेक घरांत राहिला, आणि त्या धुरात कसलंही संरक्षण नाही, फुप्फुसाची नासाडी तेवढी आहे. जोडीला दशकाहून जास्त काळ रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाची धूळ आणि महाड एमआयडीसीतले रासायनिक कारखाने. शहराचा त्रास घरात आला आणि गावाची ढाल गेली, असा हा सौदा झाला आहे. गोठ्याकडे मागासलेपण म्हणून बघणं आपल्याला महागात पडतंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून येत्या गणपतीला एवढं करा. चार दिवस आधी शेजारच्या काकीला फोन करून दारं-खिडक्या उघडायला सांगा. भिंतीची बुरशी दमेकरी पोर घरात शिरण्याआधी पुसून काढा. धुतलेल्या चादरी, उशा मुंबईहूनच न्या. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेलं औषध गावी पोचल्यावर बंद करू नका, आणि इनहेलर हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. रात्री वाडीतून महाडच्या दवाखान्यात पोचायला वेळ लागतो.