दाबा, धरा, सोडा

कोकणात जायचं ठरलं की आमच्या फ्रिजच्या दारावर यादी लागते. चिवडा, थर्मास, पाण्याचा कॅन, उलटीच्या गोळ्या, मानेखालची उशी. सगळ्यात शेवटी ‘गाडी बघणे’. हे खातं माझ्याकडे. मी काचा पुसतो, चारही टायरांना एकेक लाथ घालतो आणि ‘फर्स्टक्लास’ असा शेरा मारतो.

गाडी १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईतल्या तिच्या काळ्यापिवळ्या बहिणी २०२३ साली निवृत्त झाल्या, आमची अजून नोकरीत आहे. गिअर स्टिअरिंगपाशी, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. बेत असा : वाई, महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि पुढे खेड.

खंबाटकी घाट उतरताना बायको म्हणाली, “काहीतरी जळतंय. निघताना गॅस बंद केला होतात ना?”

पुण्यातल्या शेगडीचा वास खंबाटकीत येणारी बाई माझ्या पाहण्यात दुसरी नाही. मी म्हटलं, “पुढच्या ट्रकचा वास आहे.” ट्रक निघून गेला, वास राहिला. गाडीही सारखी डावीकडे ओढत होती. “रस्त्यालाच उतार आहे,” मी म्हटलं. माझ्याकडे प्रत्येक आजारावर एक उतारा असतो.

वाईला चहासाठी थांबलो. बायकोने बाटलीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि डाव्या पुढच्या चाकावर चार थेंब शिंपडले, घावनाचा तवा तापलाय का बघतात तसे. चुर्रर्र झालं.

“रस्त्याचा उतार,” ती म्हणाली.

चहावाल्याने मागच्या गल्लीतला मिस्त्री दाखवला. त्याने चाक जॅकवर उचललं आणि मला ब्रेक दाबून सोडायला सांगितलं. मी पाय काढून घेतला तरी चाक हलेना. मग त्याने ड्रममागचा निपल पाव आटा सैल केला. तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक गरागरा फिरलं.

“चोर घावला,” मिस्त्री म्हणाला. “ह्यो पाइप. आतनं सुजलाय.”

ब्रेकचं तेल लोखंडी नळीतून येतं. पण चाक वळतं, उडतं, म्हणून शेवटचा वीतभर तुकडा रबराचा. पद्मिनीला असे तीन : पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या अ‍ॅक्सलला मिळून एक. रबर म्हातारं झालं की आतल्या अंगाने फुगतं आणि वाट चोंदते. पायाच्या जोरापुढे तेल पलीकडे ढकललं जातं. पण परत आणायला चाकात फक्त स्प्रिंग असते, तिची तेवढी ताकद नसते. लायनर ड्रमला घासत राहतात.

“म्हणजे घेतो, पण परत देत नाही,” मी म्हटलं.

“मेव्हण्यागत,” मिस्त्री म्हणाला. शेजारी बायको उभी असल्यामुळे मी ड्रमकडे बघत राहिलो.

त्याने पाइप बोटांत वाकवला. सरळ असताना गुळगुळीत दिसणाऱ्या रबरावर टाचेसारख्या भेगा उघडल्या. “कधी बदलला हुता?”

“हे बदलतात?”

दोष गाडीचा नव्हता. टायर, बॅटरी, सीटकव्हर, दोनदा हॉर्न, सगळं मी बदललं. डोळ्यांना आणि कानांना जे कळतं ते. पोटाखाली काय लोंबतंय ते वाकून बघायला यादीत वेगळी ओळ नव्हती.

एक गेला म्हणजे उरलेले दोघे त्याच्याच वर्गातले, म्हणून तिन्ही बदलायचे ठरले. मिस्त्रीकडचा पोरगा पाइप आणायला मोटारसायकलवरून साताऱ्याला गेला. तोवर आम्ही ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि कृष्णेच्या घाटावर बसून कोकणातला चिवडा वाईत संपवला.

मिस्त्रीने दोन पाने लावले. एकाने रबरी पाइपचं डोकं घट्ट धरलं, दुसऱ्याने लोखंडी नळीचा नट फिरवला. नाहीतर नटाबरोबर नळीच पिळते. तांब्याचं वायसर नवं. नव्या पाइपवर लांबीभर एक रेघ होती. रेघ पिळली तर पाइप पिळला. शेवटी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पाइप कुठे टायरला घासत नाही ना, ते बघितलं.

मग हवा काढायची. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. मिस्त्री गाडीखाली, मी ब्रेकवर.

“दाबा. धरा... सोडा.”

निपल बंद व्हायच्या आत पाय सोडला तर हवा पुन्हा आत शिरते. मी तीनदा घाई केली. चौथ्यांदा गाडीखालून आवाज आला, “सायेब, तुम्ही उतरा. वहिनींना बसवा.”

वहिनींचा पाय एकदाही चुकला नाही. काळ्या चहासारखं तेल हळूहळू मधासारखं स्वच्छ येऊ लागलं. हे तेल हवेतली ओल पितं. डॉट-३ तेल कोरडं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल प्यायलेलं १४०च्या आसपासही उकळू शकतं. घाटात तसं झालं तर पायाखाली तेलाऐवजी वाफ येते, आणि वाफ दाबून गाडी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटात, प्रतापगडाच्या फाट्याच्या खाली, एक कोरी करकरीत गाडी कडेला उभी. पुढच्या चाकांतून धूर, शेजारी हतबल तरुण. बायकोने हँडल फिरवून काच खाली घेतली.

“पाणी ओतू नका, आपोआप गार होऊ द्या. सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरलात ना? ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. आणि खाली गेल्यावर रबरी पाइप वाकवून बघा.”

तरुणाने मला हळूच विचारलं, “काका, काकू मेकॅनिक आहेत का?”

“नाही,” मी म्हटलं, “हवा काढतात. माझी सदतीस वर्षं. ब्रेकची कालपासून.”