गोळीबंद

पिस्तुलाच्या गोळ्या ओतण्यासाठी लोखंडाचा, दोन घरांचा साचा घ्यावा की अल्युमिनियमचा, सहा घरांचा, असा प्रश्न अमेरिकेत टेक्सासकडे स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने मला विचारला, तेव्हा ‘मला यातले काही कळत नाही’ एवढे पाच शब्द लिहून मोकळे होणे हे कोणत्याही प्रामाणिक मनुष्याचे कर्तव्य होते. परंतु महसूल खात्यात ३४ वर्षे कारकुनी केलेल्या इसमासमोर आलेला कागद शेरा मारल्यावाचून परत जात नाही, आणि शेरा मारण्यास त्या विषयाचे ज्ञान असावे लागते अशी अट सबंध नोकरीत मला कोणी घातली नव्हती. मी त्यास सात पृष्ठांचे उत्तर धाडले.

माझ्या अधिकाराविषयी वाचकांच्या मनात किंतु राहू नये म्हणून तपशील नमूद करतो. नोकरीतली पाच वर्षे माझ्याकडे शस्त्रपरवान्यांचे टेबल होते, आणि त्या मुदतीत शेकडो बंदुका माझ्या हाताखालून गेल्या, म्हणजे त्यांची वर्णने गेली : एकनळी, दुनळी, ठासणीची, कारण, पीकसंरक्षण, मूळ परवानाधारक मयत, वारसाचा अर्ज प्रलंबित. प्रत्यक्ष बंदूक मी खांद्याला लावली ती रंकाळ्याच्या काठी, फुगेवाल्याची. तिच्या नळीला बाक असल्याचे मला पहिल्या चार नेमांतच उमगले, आणि तरीही बारा छऱ्यांत मी तीन फुगे फोडले, ज्यांपैकी तिसरा उन्हाने फुटला असे आमच्या कुटुंबाचे मत आहे. याहून बळकट आधार असा की, मी कोल्हापूरचा आहे. २०१० साली म्युनिक येथे रायफलमध्ये जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकणारी राही सरनोबत आणि २०२४ साली पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आलेला, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ही माणसे ज्या जिल्ह्याची, त्या जिल्ह्यात नेम हा पाण्यातूनच अंगी उतरतो, असे मी भाच्यास कळवले. या तिघांच्या अभिनंदनाच्या फलकांखालून मी भाजीची पिशवी घेऊन गेलो आहे, यापलीकडे माझा त्यांच्याशी संबंध नाही, हे कळवण्याचे प्रयोजन दिसले नाही.

भाच्याचा प्रश्न मात्र पोरकट नव्हता. तिकडे पिस्तुलाची एक जुनी स्पर्धा आहे. तीत उभे राहून, एका हाताने, २५ आणि ५० यार्डांवरील कागदी निशाणावर २७० गोळ्या झाडावयाच्या, आणि प्रत्येकीस कमाल दहा गुण धरता बेरीज २७०० व्हावयाची, जी आजवर कोणाचीही झालेली नाही. यांपैकी ९० काडतुसे बारीक बोअरची, दुकानातून आणलेली. परंतु उरलेल्या १८० वेळा भाचा आपले ४५ बोअरचे पिस्तूल वापरतो, आणि सरावाचा खप धरता विकतच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून मोटारीच्या कोठीत शिसे वितळवून स्वतः ओततो. दोन घरांचा साचा घेतल्यास एका स्पर्धेपुरते ९० घाणे, सहा घरांचा घेतल्यास ३०. त्याची गोळी २०० ग्रेनांची. ग्रेन हे माप वाचून मी बिचकलो नाही, कारण १८० ग्रेनांचा एक तोळा आणि इंग्रजी अमदानीतील चांदीचा रुपयाही नेमका तेवढ्याच वजनाचा, हे आजोबांनी मला तराजू हाती देऊन शिकवले होते. तात्पर्य, त्याची एक गोळी म्हणजे एक राणीछाप रुपया आणि वर चिमूटभर शिसे, आणि असे १८० रुपये तो एका दिवसात मातीच्या ढिगाऱ्यात घालतो.

गोळीच्या नाकाविषयी मात्र मी खरोखर तज्ज्ञाप्रमाणे लिहिले. निशाणासाठी नाक टोकदार नको, बोथट आणि सपाट कडेचे हवे. टोकदार गोळी कागद फाडून जाते, सपाट गोळी कागदाची चकती कापून नेते, आणि भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेस नुसती शिवली तरी वरचा गुण पदरात पडत असल्याने भोक स्वच्छ असणे हा हक्काचा प्रश्न ठरतो. हे मला ताबडतोब पटले, कारण फायलीस भोके पाडण्याचे यंत्र आणि सुतळी ओवण्याचा दाभण यांतला फरक मी हयातभर भोगला आहे.

साच्याच्या धातूवर मी चार पृष्ठे लिहिली, आणि त्यांपैकी साडेतीन गुळावर खर्ची पडली, हे येथे कबूल करतो.

झाले असे की, शिसे ३२७ अंशांवर वितळते, कथील मिसळल्याने ते साच्याचा कानाकोपरा धरते, अँटिमनीने कठीण होते, अल्युमिनियम लवकर तापते व लवकर निवते, लोखंड उशिरा तापते पण धरलेला ताप सोडत नाही, इथवर मी पुस्तकी वाक्ये सुरळीत उतरवून काढली. परंतु ‘साचा थंड असता गोळीस सुरकुत्या पडतात आणि फाजील तापला असता तिजवर दहिवर पडल्यासारखी पांढुरकी कळा येते’ या वाक्यापाशी लेखणी थबकली आणि नाकात वास आला तो धातूचा नव्हे, तर उकळत्या रसाचा. आमच्या मळ्यात वडिलांचे गुऱ्हाळ होते. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत ज्या ढेपा जात, त्यांतल्या काही आमच्या काहिलीतल्या. चुलवाणात चिपाडे कोंबणारा घामाने निथळतो आहे, भेंडीचा चिकट रस पडताच काहिलीत मळी फुगून वर येते आहे, ती झाऱ्याने काढली जाते आहे, आणि या साऱ्या धांदलीत ज्याला कसलीच घाई नाही असा एकच पुरुष, गुळव्या, काठाशी उभा. त्याच्याजवळ तापमापक नव्हता. तो तांब्यातल्या पाण्यात बोटे बुडवी, त्याच बोटांनी पाक उचली, पुन्हा पाण्यात धरी आणि त्याची गोळी वळून काहिलीच्या कडेवर टाकी. तिचा आवाज कानास पटला तरच हात वर होई आणि चार गडी काहील उतरवण्यास धावत. घरात लाडवांसाठी बायका ज्याला गोळीबंद पाक म्हणतात, त्याची ही राजधानी होती. माझा हा भाचा दिवाळीच्या सुटीत आजोळी येई तेव्हा त्या तांब्यापाशी बसून गोळ्या वळी. चांगल्या झालेल्या तो ओळीने मांडून ठेवी आणि वाकड्या झालेल्या तोंडात टाकी, त्यामुळे त्याच्या बहुतेक गोळ्या वाकड्याच होत.

एकदा वडिलांनी त्या गुळव्यास विचारले होते, की ३० किलोच्या ढेपेचे साचे जुने झाले, नवे आणू काय? तो म्हणाला, “साच्याचं काय मालक, फडकं घालून बादली दिली तरी ढेप पडंल. पाक उतरायचा वकूत तेवढा चुकाय नगं.” भाच्याच्या प्रश्नाचे हे संपूर्ण उत्तर होते आणि ते मला पन्नास वर्षांपासून पाठ होते, तरी मी सात पृष्ठे लिहिली आणि अखेरीस, लोखंडाचा, दोन घरांचा साचा घ्यावा, अशी शिफारस करून खाली लफ्फेदार सही केली.

एवढ्यावर थांबतो तर मी कसला. ज्या गावी साऱ्या देशाच्या यंत्रांचे ओतकाम होते, त्या गावच्या मामाने भाच्यास परदेशी साचा घेऊ द्यावा, हे मनास पटेना. नकाशा घेऊन मी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद उलटसुलट पाहिला.

“आप्पेपात्र म्हणायचं का हे?”

“नव्हे, गोळीचा साचा.”

“औषधाच्या?”

“पिस्तुलाच्या.”

मिस्त्रींनी कागदाची नीट चौघडी करून तो माझ्या खिशात ठेवला, पोऱ्यास चहा सांगितला आणि अत्यंत अदबीने विचारले, “सायेब, परवाना हाय काय?” शस्त्र अधिनियम, १९५९ ज्याच्या टेबलावर पाच वर्षे उघडा पडला होता, त्या मला हा प्रश्न सुचू नये आणि कधी कचेरीची पायरी न चढलेल्या माणसास सुचावा! चहा गोड होता, एवढेच काय ते स्मरते.

परतताना चौकात एका खेळाडूच्या अभिनंदनाचा जुना फलक अजून लोंबत होता. खेळाडूच्या मुखावरून पाऊस गेला होता, शुभेच्छुकांची मुखे शाबूत होती. मला एकदम त्या फलकाचा आणि त्याहून माझा राग आला. कुसाळे यांच्या वडिलांनी मुलाच्या गोळ्यांसाठी कर्ज काढले होते आणि तेव्हा एका गोळीस १२० रुपये पडत, असे पदकानंतर वर्तमानपत्रांत छापून आले. त्यांच्या रायफलीचे काडतूस घरी ओतून भागणारे नसते. ते विकतच आणावे लागते, आणि एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या घाण्यांतून आपल्या नळीस कोणता मानवतो हे पारखण्यातही काडतुसेच खर्च होतात. फलक पदकानंतर लागतात. गोळ्या आधी लागतात. आमच्या पेठेत नंतर सत्काराची वर्गणी निघाली, तीत मी मोठ्या अभिमानाने १०१ रुपये दिले, म्हणजे माझ्या साऱ्या अभिमानाची एक गोळीही येत नव्हती. १९ रुपये कमी पडत होते.

पंधरवड्याने भाच्याचा मजकूर आला : “मामा, पत्र पोचलं. साचा गेल्या महिन्यातच घेतला, अल्युमिनियमचा, सहा घरांचा. बिघडलेल्या गोळ्या परत भांड्यात टाकतो, तोंडात टाकायची फार इच्छा होते. आपलं गुऱ्हाळ यंदा कधी लागणार?”

गुऱ्हाळ बंद होऊन अकरा वर्षे झाली. ऊस कारखान्यास जातो. गुळव्या राहिला नाही. काहील भंगारवाल्याने वजनावर नेली, आणि वजन करताना तिच्या कडेवर काटा आपटला तेव्हा जो आवाज झाला तो ऐकावयास मी तेथे एकटाच उभा होतो. मी कागद पुढे ओढला, समास आखला, आणि अल्युमिनियमपेक्षा लोखंडाचा साचा श्रेष्ठ का, याची नऊ कारणे अनुक्रमांक घालून लिहून काढली. शेवटी जागा उरली होती, तेथे लिहिले : “आपल्या पत्रातील गुऱ्हाळासंबंधीच्या मुद्द्याबाबत यथावकाश स्वतंत्रपणे कळविण्यात येईल.”