सेफ्टीचा प्रश्न आहे, सर

मोटारीला वाचा नसते, म्हणून सर्व्हिस सेंटरात तिच्या वतीने बोलायला इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण नेमलेला असतो. पद ‘सर्व्हिस ॲडव्हायजर’. हा मेकॅनिक नव्हे. याच्या हाताला ग्रीस लागत नाही. हातात टॅब, टॅबवर जॉब कार्ड आणि डोक्यावर महिन्याचं टार्गेट. बॉनेट उघडून तो चेहरा असा पाडतो की आपणच घाबरून विचारतो, “काही गंभीर?”

“तसं नाही सर, पण करून घेतलेलं बरं.”

मग यादी सुरू होते. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसीचं डिसइन्फेक्शन. परवा-परवा हार घालून शोरूममधून आणलेल्या गाडीच्या पोटात एवढा मळ साचला कधी, हे विचारायचं नसतं. शिवाय ही ‘फ्री सर्व्हिस’ असते, म्हणजे फुकट फक्त लेबर. टेफ्लॉन कोटिंगचं मला विशेष कौतुक आहे. ज्या पदार्थाची कीर्तीच अंगाला काही चिकटू न देण्याची, तो बॉनेटला मात्र इमानाने चिकटून राहतो म्हणे. उंदीर वायरी कुरतडतात हे खरं, म्हणून उंदीर पळवणारा फवाराही यादीत असतो. पण तो मारूनही उंदीर आलाच, तर पुढच्या खेपेला डबल फवारा सुचवला जातो. आणि टायरमधला नायट्रोजन! साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. पैसे बहुधा व्हॉल्व्हवरच्या हिरव्या टोपणाचे असावेत.

आपण ‘नको’ म्हणायला तोंड उघडतो, तोच हुकमी पत्ता पडतो. “सेफ्टीचा प्रश्न आहे, सर. गाडीत फॅमिली असते.” खलास. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून अडून बसणारा पुणेकर इथे हजारोंच्या एस्टिमेटवर मुकाट सही ठोकतो, वर 18 टक्के जीएसटीही भरतो.

बरं, सगळंच थोतांड असतं तर सोपं होतं. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावंच लागतं. ब्रेक पॅड झिजतातच. पण दहा खोट्या दुखण्यांच्या गर्दीत हे खरं दुखणंही आपल्याला लबाडीचं वाटू लागतं. मग एकदा गिऱ्हाईक बाणेदारपणे ‘नको’ म्हणतं, ते नेमकं ब्रेकला. सुगंधी फवारा मारून, न बदललेल्या ब्रेक पॅडनिशी ते खंबाटकीचा घाट उतरतं.

कुठलं काम किती किलोमीटरला करायचं, हे सांगणारं पुस्तक कंपनीने गाडीसोबतच दिलेलं असतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात, जुन्या पीयूसीखाली, अजून प्लास्टिकमध्ये. पुढच्या सर्व्हिसिंगआधी ते फोडा. त्यात नसलेलं काम कारण दाखवल्याशिवाय जॉब कार्डावर चढू देऊ नका, आणि बदललेला पार्ट परत मागा. तरीही न सांगितलेलं काम बिलात घुसलंच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.